कॅफेसारखे मऊ एग बाइट्स: मोदकपात्रात, मंद वाफेवर

एग बाइट म्हणजे अंडं, चीज आणि दुधाचा एखादा पदार्थ एकजीव घुसळून छोट्या साच्यात अलगद शिजवलेला दोन घासांचा खाऊ. स्टारबक्सने 2017 साली अमेरिकेत तो विकायला काढला आणि कॉफीबरोबर हातात धरून खायची न्याहारी म्हणून तो लोकांना आवडला. अलिबागजवळच्या आमच्या घरी न्याहारी-मुक्कामाला येणारी मुंबईची मंडळी हल्ली पोहे-घावनांच्या जोडीला हेही करता का, असं विचारतात. मी करते, आणि मोदकपात्रातच करते.

घरी केलेला एग बाइट बहुतेक वेळा फसतो तो एकाच ठिकाणी. ओव्हनमध्ये टम्म फुगतो, बाहेर काढला की बसतो, आणि खाताना लागतो आम्लेटच्या चिवट मफिनसारखा. मग लोक चीज वाढवतात, साय घालतात, महाग साचे आणतात. दोष साहित्याचा नसतो, आचेचा असतो. आच सांभाळली तर साध्या प्रोसेस्ड चीजचा बाइटसुद्धा लुसलुशीत होतो, आणि आच चुकली तर परदेशी चीज घालूनही चोथाच होतो.

आधी आचेचं बघू

निव्वळ फेटलेलं अंडं साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट व्हायला लागतं. त्यात दूध, दही, पनीर मिसळलं की अंड्यातली प्रथिनं पातळ विखुरली जातात आणि मिश्रण सेट व्हायला 80 अंशांच्या आसपास जावं लागतं. इथवर पोचलं की ती प्रथिनं एकमेकांत गुंतून जाळं धरतात आणि त्या जाळ्यात पाणी नि स्निग्धांश अडकून राहतो. तो मऊपणा म्हणजे हे अडकलेलं पाणीच. 85च्या पुढे गेलं की जाळं आवळतं, पाणी बाहेर टाकतं, आणि मिश्रणात सगळीकडे बारीक भोकं पडतात. मोठ्या आचेवर केलेल्या एग बाइटच्या तळाशी जे पिवळसर पाणी साठतं, ते हेच.

म्हणजे आपल्या हातात पाचेक अंशांची फट आहे. मूळ कॅफेवाले बाइट ‘सू व्हीड’ पद्धतीचे, म्हणजे ठरावीक तापमानाला धरलेल्या पाण्यात शिजवलेले असतात. दुकानात ते फक्त गरम करून देतात. यंत्राने तापमान धरून ठेवलं की फट चुकायचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे ते यंत्र नसतं, पण वाफ असते, आणि वाफेवर शिजवणं कोकणातल्या स्वयंपाकघराला कुणी शिकवायला नको. मोदक, सांदणं, पातोळ्या सगळं वाफेवरच होतं. फरक एवढाच की मोदकाला खळखळती वाफ लागते आणि अंड्याला ती मारक आहे. वाफ 100 अंशांची असते. ती खाली आणायची, एवढंच कसब.

भांडी

मोदकपात्र किंवा इडलीचं मोठं पातेलं, आत बसणारी जाळी, आणि छोट्या स्टीलच्या वाट्या. सांदणाला वापरता त्याच. वाटी साधारण शंभर मिलिलिटरची असावी आणि तीन चतुर्थांश भरावी. इडलीच्या ताटल्या मला या कामाला पसंत नाहीत. त्या उथळ असतात, त्यामुळे कडा शिजून मधला भाग घट्ट होईपर्यंत कडांचं रबर होतं. शिवाय बऱ्याच ताटल्यांना भोकं असतात, त्यातून मिश्रण सरळ खाली जातं. सिलिकॉनचे मफिन साचे असतील तर उत्तम, त्यातून बाइट चटकन सुटतो. पण सिलिकॉनमधून उष्णता हळू जाते, तेव्हा तीन-चार मिनिटं जास्त धरा.

स्टीलच्या वाटीला अंडं चिकटतं आणि नुसतं तूप पुसून भागत नाही. तळाच्या मापाची केळीच्या पानाची चकती कापा, विस्तवावर क्षणभर धरून नरम करा, वाटीला तूप किंवा लोणी सढळ हाताने लावून चकती तळाशी बसवा. बाइट सुरी फिरवून उलटा केला की अलगद निघतो आणि पानाचा मंद वास राहतो. पान नसेल तर बटर पेपर. हळदीच्या पानाचा वास गोडाला जातो तसा इथे जात नाही, ते नागपंचमीच्या पातोळ्यांसाठीच राहू द्या.

मूळ मिश्रण

नऊ-दहा वाट्यांसाठी पोल्ट्रीची 6 अंडी घ्या. टरफलाशिवाय त्यांचं वजन साधारण 300 ग्रॅम भरतं. गावठी अंडी लहान असतात, ती 8 लागतील. वजनकाटा असेल तर मोजूनच घ्या, कारण अंड्यांच्या आकाराने इथे फार फरक पडतो. गावठी अंड्यात पिवळ्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे बाइट दाट आणि रंगाने केशरी होतो. मला तोच आवडतो. शेजारच्या कोंबड्यांची अंडी आणत असाल तर प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून बघा, मगच मोठ्या भांड्यात घाला. पाण्यात टाकल्यावर तरंगणारं अंडं घेऊच नका.

त्यात 100 ग्रॅम मऊ पनीर, 60 ग्रॅम घट्ट दही, प्रोसेस्ड चीजचे 2 क्यूब म्हणजे 50 ग्रॅम, पाव कप म्हणजे 60 मिलिलिटर दूध, 2 छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा मीठ, थोडी मिरपूड.

अमेरिकेतल्या कृतींत कॉटेज चीज असतं. ते ओलसर, दाणेदार आणि किंचित खारट असतं. आपलं पनीर त्यापेक्षा कोरडं, म्हणून सोबत दही आणि दूध. पनीर घरी करणार असाल तर अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण शंभर ग्रॅम निघतं. फडक्यात बांधून नुसतं निथळू द्या, वर वजन ठेवू नका. असं ओलं पनीर वापरलं तर दूध निम्मं करा. दही आंबट नको. चीज साधं प्रोसेस्डच बरं, हे मी मुद्दाम सांगते. त्यात जे क्षार असतात ते स्निग्धांश आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत, त्यामुळे बाइट गुळगुळीत होतो. चेडर किंवा गौडा चवीला चांगलं, पण थोडं तेल सोडतं.

कॉर्नफ्लोअर वगळू नका. पिठाचा हा अंश प्रथिनांचं जाळं फार आवळू देत नाही, म्हणजे आच थोडी वर गेली तरी सांभाळून घेतो. कॉर्नफ्लोअर नसेल तर मोदकाची बारीक पिठी चालते, पण दोन छोट्या चमच्यांहून जास्त नको, नाहीतर पिठूळ लागतं.

आता घुसळणं. बहुतेक जण सगळं एकदम मिक्सरमध्ये घालून जोरात फिरवतात आणि भांड्यात बोटभर फेस उभा राहतो. तो फेस म्हणजे हवा. वाफेत ती फुगते, बाहेर काढल्यावर बसते, आणि मधोमध खड्डा पडतो. म्हणून आधी पनीर, दही, चीज, दूध, कॉर्नफ्लोअर आणि मीठ एवढंच वाटा. मिनिटभर, अगदी गंधासारखं होईपर्यंत. मग अंडी घालून मिक्सर फक्त दोन-तीनदा थांबत थांबत फिरवा, पिवळं-पांढरं मिसळेपुरतं. मिश्रण चाळणीतून गाळा, पंधरा मिनिटं बाजूला ठेवा, भांडं ओट्यावर हलकेच आपटा आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. ही पंधरा मिनिटं सारणाला उपयोगी पडतात.

सारण: पाणी आटवा, मग घाला

सारणात पाणी राहिलं तर ते आतल्या आत सुटतं आणि वाटीत साठतं. पालक, मशरूम, भोपळी मिरची कच्ची घालायची नाहीच. टोमॅटो तर मी घालतच नाही. जे घालायचं ते बारीक चिरून, कोरडं परतून, पूर्ण गार करून. गरम सारणावर मिश्रण ओतलं तर तिथलं अंडं आधीच गोळा होतं. नऊ-दहा वाट्यांना सगळं मिळून 100-120 ग्रॅम सारण पुरे. जास्त घातलं की बाइट तुटतो.

कॅफेतल्या बाइटमध्ये बेकन असतं. खारट, धुरकट, चावून खाण्यासारखं. आपल्या किनाऱ्यावर धूर सोडला तर बाकीचे दोन्ही गुण एकाच वस्तूत आहेत: सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी फारशी मिळत नाही, तेव्हा घराघरात डब्यातले सोडे बाहेर निघतात. एग बाइटला ते असे शोभतात की मला बेकनची उणीव कधी भासली नाही.

30 ग्रॅम सोडे दोन-तीन पाण्यांतून धुवा, वाळू राहता कामा नये. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, घट्ट पिळा आणि बारीक कापा. कढईत दोन चमचे तेल, त्यात एक मोठा कांदा बारीक चिरून. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तोच घ्या. फेब्रुवारीपासून रस्त्याकडेला त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात, आणि 2022 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तो तिखट नसतो, गोडसर असतो, आणि मंद आचेवर परतला की अंड्याच्या चवीवर कुरघोडी करत नाही. पण त्यात पाणी भरपूर, म्हणून परतायला दहा मिनिटं द्या. कडा बदामी झाल्या की चिमूटभर हळद, पाव चमचा लाल तिखट आणि सोडे घाला. सोडे कोरडे होऊन तेल सुटेपर्यंत परता. वेगळं मीठ नको, आणि मूळ मिश्रणातलं मीठही निम्मं करा. आमसूल किंवा आगळ यात घालायचा मोह होतो, पण आंबटाने अंड्याचं मिश्रण फाटतं. तो आंबटपणा ताटात बाजूला असू द्या.

धुराचा वास हवा असेल तर धुंगार द्या. करवंटीचा लहान तुकडा गॅसवर किंवा चुलीत धरून लाल निखारा करा. गार झालेल्या सारणाच्या मधोमध छोटी वाटी ठेवा, त्यात निखारा, त्यावर थेंबभर तूप. चर्र आवाज होऊन पांढरा धूर उठतो, लगेच झाकण घाला. दोन मिनिटांनी झाकण काढून वाटी उचला. करवंटीचा धूर गोडसर असतो, लाकडासारखा उग्र नसतो. पण दोन मिनिटांच्या वर ठेवला तर तोही कडवट होतो. हे सारणालाच करा. मिश्रणाला धुंगार दिला तर सगळ्या बाइटना एकच चव येते आणि घासात काही वेगळं लागत नाही.

मासळी न खाणाऱ्यांसाठी ऋतूप्रमाणे बदला. पावसाच्या सुरुवातीला कोवळा टाकळा किंवा फोडशी ही रानभाजी मिळते. निवडून, बारीक चिरून, लसणीच्या फोडणीवर पाणी पूर्ण आटेपर्यंत परता. फोडशीबरोबर कांदा हवाच. थंडीत पोपटीच्या, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या, दिवसांत वालाचे ओले दाणे मऊ वाफवा, ओवा, मिरची नि लसणीच्या वाटणावर कोरडे परता. रायगडची पोपटी खाल्लेल्या माणसाला ती चव लगेच ओळखू येते, आणि पोपटीच्या मडक्यात अंडी असतातच, तेव्हा जोडी जुनीच आहे. शेवग्याचा पाला बारा महिने आहे. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू मिळाले तर दोन भाग करून, तुपावर नुसते हलवून घाला.

सोड्यांच्या सारणाला एक बदल जरूर करून बघा: दुधाऐवजी नारळाचा जाड रस, तेवढाच. पाणी न घालता काढलेला पहिला रस हवा. पातळ रस घातला तर बाइट ढिला राहतो.

वाफवणं

मोदकपात्रात दोन बोटं पाणी उकळा आणि मग गॅस बारीक करा, इतका की पाण्याच्या कडेला बुडबुडे येताहेत पण खळखळ ऐकू येत नाही. झाकणाला आतून कोरडं फडकं बांधा, मोदकांना बांधतो तसंच. नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून बाइटच्या माथ्यावर खळगे पडतात. वाट्यांवरही फॉइल किंवा छोटी ताटली झाका.

प्रत्येक वाटीच्या तळाशी सारण पसरा. बाइट उलटा काढल्यावर ते वर येतं आणि दिसतंही छान. त्यावर मिश्रण हळूच ओता. ओगराळ्याने उंचावरून ओतलं तर काढलेला फेस परत तयार होतो. वाट्या जाळीवर एकमेकींना न चिकटता ठेवा, मधून वाफ फिरली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण पूर्ण बंद करायचं नाही. झाकण आणि भांड्याच्या काठामध्ये लाकडी चमच्याचा दांडा आडवा घाला. त्या फटीतून वाफ बाहेर जात राहते, बाहेरची हवा आत मिसळते आणि आतलं तापमान शंभरावरून बरंच खाली येतं. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात आठ मिनिटांत बाइट शिजतात, पण त्यांना भोकं पडतात. फट ठेवली की बारा ते पंधरा मिनिटं लागतात आणि कापल्यावर आतला भाग खरवसासारखा एकसंध निघतो.

बाराव्या मिनिटाला एक वाटी चिमट्याने हलकी हलवा. कडा जागच्या जागी राहून मधला रुपयाएवढा भाग नुसता थरथरला पाहिजे. सगळीच वाटी हिंदकळली तर अजून तीन मिनिटं. अजिबात हललं नाही तर लगेच गॅस बंद करून झाकण उघडा. सुरीचं टोक मध्ये घातल्यावर ते ओलसर पण स्वच्छ यावं, कच्चं पिवळं चिकटून येऊ नये. टोचायचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 78-80 अंश झाले की झालं. अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंसाठी 71 अंशांची मर्यादा सांगितली जाते, ती यात सहज ओलांडली जाते. त्यामुळे मऊ आहे म्हणजे कच्चं आहे, असं समजून पुन्हा शिजवत बसू नका. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल तर मात्र मधली थरथर पूर्ण थांबू द्या.

गॅस बंद केल्यावर वाट्या झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं तिथेच राहू द्या. बाइट अजून थोडे आवळतात आणि कडा सोडतात. मग पातळ सुरी फिरवून उलटे करा.

कुकरमध्ये करायचे तर झाकणावरची शिट्टी काढून ठेवा, बाकी सगळं असंच. ओव्हन असेल तर 150 अंशांवर, खोलगट ट्रेमध्ये वाट्यांच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी भरून, वर फॉइल झाकून 25-30 मिनिटं. सू व्हीडचं यंत्र हाती लागलं तर झाकणाच्या काचेच्या छोट्या बरण्या, 78 अंश आणि एक तास. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून माझा विश्वास गॅसवरच्या मोदकपात्रावर.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

कापल्यावर जाळीदार दिसतं, चावल्यावर करकरतं: आच मोठी होती किंवा झाकणाला फट नव्हती. मधोमध खड्डा: फेस राहिला. तळाशी पाणी पण पोत मऊ: भाजी ओली होती. वरचा थर गुळगुळीत आणि खालचा दाणेदार: पनीर नीट वाटलं गेलं नाही, पुढच्या वेळी गाळायला विसरू नका. अंड्याचा उग्र वास येतो: बहुधा जास्त शिजलं, किंवा अंडी शिळी. बाइट वाटीत अर्धा राहतो: पानाची चकती घातली नाही किंवा पाच मिनिटांचा धीर धरला नाही.

खाणं आणि ठेवणं

गरम बाइट नुसता खा, वर मिरपूड. आमच्याकडे बेकरीचा ताजा पाव मधून कापून त्यात हिरवी चटणी लावून दोन बाइट दाबून देतात, मांडव्याच्या धक्क्यावरून सकाळच्या बोटीने मुंबईला परतणाऱ्यांना ते नेणं सोपं. सोड्यांच्या बाइटबरोबर कोकमाचं सार पेल्यात घ्या, आंबट-खारट छान जमतं. कॉफी हवीच असेल तर कडक आणि कमी साखरेची.

केलेले बाइट तासाभरात खायचे नसतील तर गार झाले की लगेच फ्रिजमध्ये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका, थंडीत फार तर दोन तास. घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कागदी रुमाल घालून तीन दिवस चांगले राहतात. फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात, पण पनीरमुळे पोत थोडा रवाळ होतो आणि भाजीचे बाइट पाणी सोडतात. फ्रीझरसाठी सोड्यांचेच करा. वीज गेली आणि फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला तर आतले बाइट टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका.

गरम करतानाही आच मंदच. झाकण तिरकं ठेवून तीन-चार मिनिटं वाफ पुरते, फ्रीझरमधले असतील तर रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. मायक्रोवेव्ह वापरायचा तर निम्म्या शक्तीवर तीस सेकंद, मिनिटभर थांबून लागल्यास आणखी वीस. पूर्ण शक्तीवर एकदम मिनिटभर फिरवला तर कडा फुटून पाणी निघतं. एकदा गरम केलेला बाइट पुन्हा फ्रिजमध्ये जाता कामा नये, म्हणून खाणारी माणसं मोजूनच डब्यातून काढा.